मटमध्ये स्वतःचे हेडर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीत, आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या जुन्या लॅपटॉपवर मी मट बसवलं, म्हणजे टर्मिनलमध्ये नुसत्या अक्षरांवर चालणारा मेलचा प्रोग्राम. आता मार्च लागला. मधल्या काळात सोयाबीन निघालं, कापसाचे वेचे झाले, तूर घरी आली, आणि कंपनीचा जवळपास सगळा पत्रव्यवहार या काळ्या पडद्यावरून झाला. मटबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण इथे मेलच्या माथ्यावर जाणाऱ्या ओळींबद्दलच लिहितो, म्हणजे हेडर. आपल्याला हवे तसे ते लावायला मी या काळात शिकलो, दोनदा चांगलाच फसलो, आणि त्या फसण्यातूनच आजची मांडणी तयार झाली.

आधी गरज काय होती ते सांगतो. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. खेड्यात एका माणसाच्या गळ्यात चार कामं असतात. मी कंपनीचा सचिव, गावच्या वाचनालयाचाही पत्रव्यवहार माझ्याकडे, आणि घरची कामं आहेतच. पत्ते तीन, माणूस एक. ब्राउझरमध्ये तिन्ही खाती उघडी ठेवून काम करायचो तेव्हा मागच्या वर्षी एक पत्र चुकलं. खेळत्या भांडवलाच्या कर्जाचे कागद मी बँकेला वाचनालयाच्या पत्त्यावरून पाठवले. बँकेतल्या साहेबांनी ते बाजूला ठेवले, कारण त्यांच्या नोंदीत तो पत्ताच नव्हता. आठ दिवसांनी फोन केला तेव्हा कळलं. आठ दिवस म्हणजे खताच्या खरेदीचा ऐन काळ. पत्र कोणत्या नात्याने लिहितो आहोत हे पत्राच्या माथ्यावर बरोबर आलंच पाहिजे, ही गोष्ट मला तेव्हा लागली.

लॅपटॉप दोन जीबी रॅमचा, त्यावर डेबियन लिनक्स. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, आणि टॉवरला रेंज मिळते ती गच्चीच्या बाजूच्या खिडकीत. लाईन गेली की टॉवरही थोड्या वेळाने बसतो. म्हणून मेल आधी एमबीसिंकने लॅपटॉपवर उतरवून घेतो, वाचणं-लिहिणं सगळं तिथेच करतो, आणि पाठवायचं काम एमएसएमटीपीकडे असतं. मट हे १९९५ साली मायकेल एल्किन्स यांनी लिहायला घेतलेलं सॉफ्टवेअर आहे. २०१६ पासून त्याची निओमट ही शाखाही चालते. खाली लिहिलेल्या आज्ञा दोन्हीकडे चालतात.

मूळ आज्ञा एकच : माय-एचडीआर. फाईलमध्ये लिहिताना माय आणि एचडीआर यांच्या मध्ये अंडरस्कोर येतो. मटच्या सेटिंगच्या मटआरसी या फाईलमध्ये ही आज्ञा, पुढे हेडरचं नाव, कोलन आणि मजकूर एवढं लिहिलं की पुढच्या प्रत्येक मेलवर ती ओळ जाते. रिप्लाय-टू, ऑर्गनायझेशन, हवं ते. काढून टाकायला अनमाय-एचडीआर. हेडरचं नाव आणि कोलन यांच्यात जागा सोडायची नाही. मेलच्या ठरलेल्या नियमांतच ती जागा चालत नाही आणि मट तो नियम पाळतं. माझी पहिली संध्याकाळ यातच गेली, कारण मराठीत कोलनच्या आधी जागा सोडायची सवय हाताला आहे. दुसरं, मटआरसीत अर्धविराम आला की मट तिथे आज्ञा संपली असं धरतं, आणि हॅशच्या खुणेनंतरचं सगळं टिपण समजून सोडून देतं. हेडरच्या मजकुरात अर्धविराम हवा असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. मी ऑर्गनायझेशनच्या ओळीत गावानंतर अर्धविराम टाकून तालुका लिहिला होता. मट उघडताना चूक दाखवायचं, आणि चूक कुठे आहे ते मला दोन दिवस दिसलं नाही.

नवीन माणसाने पहिल्या दिवशी एक गोष्ट करावी : एडिट-हेडर्स हा पर्याय चालू करावा. मग मेल लिहायला एडिटर उघडला की वरच सगळे हेडर दिसतात. फ्रॉम, टू, सीसी, बीसीसी (इतरांना न दिसणारी प्रत), विषय, आणि आपण घातलेल्या ओळी. हाताने बदलता येतात, नवी ओळ टाकता येते. एकाच मेलला एखादं हेडर लावायचं असेल तर मटआरसीला हात लावायची गरज नाही. हा पर्याय चालू नसला तरी पाठवण्याआधीच्या पडद्यावर कॅपिटल ई दाबलं की तेच मिळतं. फाईल जोडायलाही इथेच अटॅच असं लिहून पुढे फाईलचं नाव दिलं की पुरतं. मी विम हा एडिटर वापरतो आणि कर्सर थेट पहिल्या रिकाम्या ओळीवर यावा अशी सोय केली आहे. तरी मजकूर लिहून झाला की दोनदा जी दाबून वर जायचं आणि हेडर डोळ्यांखालून घालायचे, ही सवय मी मुद्दाम लावून घेतली. ती का लावली ते पुढे येतं.

एकाच्या तीन भूमिका सांभाळायला मटमध्ये हुक आहेत, म्हणजे ठरावीक प्रसंगी आपोआप चालणाऱ्या आज्ञा. सेंड-हुक हा मेल कोणाला चालला आहे ते पाहून आज्ञा चालवतो. बँकेचा पत्ता दिसला की फ्रॉम कंपनीचा, वाचनालय संघाचा दिसला की वाचनालयाचा. इथे पहिली गोची अशी की माय-एचडीआरने लावलेली ओळ आपोआप उतरत नाही. बँकेच्या मेलसाठी लावलेला फ्रॉम त्यानंतर बहिणीला लिहिलेल्या मेलवरही तसाच राहतो. म्हणून सगळ्यांत वर एक हुक असा लागतो की जो प्रत्येकाला लागू होतो, नुसत्या टिंबाच्या नमुन्याचा, आणि तो आधीच्या सगळ्या ओळी काढून मूळ पत्ता बसवतो. त्याच्याखाली खास खास हुक. क्रम उलटा झाला तर खास हुकने लावलेलं टिंबवाला पुसून टाकतो. हे समजलं की पुढचं सोपं आहे.

आता दुसरी गोची, जिच्यामुळे मी हे लिहायला बसलो.

व्यापाऱ्यांना जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत आमच्या अध्यक्षांना गेली पाहिजे असं संचालक मंडळाच्या बैठकीत ठरलं. मी सेंड-हुकमध्ये व्यापाऱ्यांच्या पत्त्यांसाठी बीसीसीची माय-एचडीआर घातली. सोयाबीनचा हंगाम होता, दिवसाला चार-पाच मेल जायचे. मला वाटलं प्रती जात आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी आईच्या तपासणीचे रिपोर्ट मी नागपूरच्या एका दवाखान्याला पाठवले. त्याच संध्याकाळी अध्यक्ष घरी आले, अंगणात खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "भाऊ, आईची तब्येत एवढी बिघडली, अन् सांगतलं नाही तुम्ही?" माझ्या पोटात गोळा आला. घरात अजून मोठ्या बहिणीलाही मी ते सांगितलं नव्हतं. ते मात्र मोबाईल पुढे करून म्हणाले, "हे पाहा, तुमचंच मेल आलं ना जी मले."

रात्री बसून मॅन्युअल वाचलं. तिथे स्वच्छ लिहिलं आहे, मीच वाचलं नव्हतं. सेंड-हुक चालतो तो प्राप्तकर्त्यांची यादी ठरल्यावर. त्यामुळे टू, सीसी, बीसीसी आणि विषय या ओळी सेंड-हुकमधून बदलल्या तर चालू मेलवर काहीच परिणाम होत नाही. ती ओळ लागते पुढच्या मेलला. माझं नेमकं तेच झालं होतं. व्यापाऱ्याला मेल लिहिला तेव्हा बीसीसी लागली नाही, त्यानंतर जो मेल लिहिला त्याला लागली. एकामागून एक व्यापाऱ्यांनाच लिहीत होतो तोपर्यंत दोष लपून राहिला, फक्त पहिली प्रत चुकायची. मध्ये घरचा मेल आला आणि तो अध्यक्षांकडे गेला. टिंबवाला हुकही वाचवू शकला नाही, कारण तोही सेंड-हुकच आणि त्याच्याही हाताबाहेर ती यादी होती. पाठवण्याआधीच्या पडद्यावर बीसीसीच्या पुढे त्यांचा पत्ता ठळक दिसत होता. मी सवयीने वाय दाबलं.

उपाय निघाला फोल्डर-हुकमध्ये. तिन्ही भूमिकांसाठी तीन पेट्या, म्हणजे मेलचे फोल्डर, केल्या. कंपनीच्या पेटीत शिरलो की फोल्डर-हुक कंपनीचा फ्रॉम, रिप्लाय-टू आणि अध्यक्षांची बीसीसी लावून ठेवतो. मेल लिहायला घेण्याच्या आधीच हे झालेलं असतं, म्हणून पहिल्या मेलपासून लागू होतं. वाचनालयाच्या पेटीत गेलो की टिंबवाला फोल्डर-हुक आधी सगळं उतरवतो आणि मग तिथलं चढवतो. आता मी मेल लिहितो तो ज्या पेटीत उभा असतो तिच्या नात्याने. घरचं लिहायचं तर घरच्या पेटीत जायचं. ऑफिसातून निघून घरी गेल्यासारखंच आहे ते, आणि डोक्यालाही तसंच बसलं. नोव्हेंबरपासून आजपर्यंत एकही मेल चुकीच्या नावाने गेलेला नाही.

एक बारकावा फ्रॉमबद्दल. माय-एचडीआरने फ्रॉम लावला की रिव्हर्स-नेम हा पर्याय निष्प्रभ होतो. रिव्हर्स-नेमचं काम असं की आलेला मेल ज्या पत्त्यावर आला त्याच पत्त्यावरून उत्तर जावं. त्यासाठी आपले सगळे पत्ते ऑल्टरनेट्स या आज्ञेत सांगून ठेवायचे आणि फ्रॉम हा माय-एचडीआरने न लावता मटच्या स्वतःच्या फ्रॉम या सेटिंगने द्यायचा. मी फोल्डर-हुकमध्ये आता तसाच देतो.

फ्रॉम बदलला म्हणजे काम झालं असं समजू नये. हा धडा मला दसऱ्याच्या आधी मिळाला. कंपनीच्या डोमेनचा फ्रॉम लावून मेल माझ्या घरच्या खात्याच्या सर्व्हरमधून जात होते, आणि समोरच्यांच्या स्पॅममध्ये पडत होते. कारण उघड आहे. फ्रॉममधल्या डोमेनच्या वतीने पाठवायची परवानगी त्या सर्व्हरला आहे का, हे आता समोरचा सर्व्हर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तपासण्यांतून पाहतो. काही सेवा तर परवानगी नसलेला फ्रॉम गुपचूप बदलून आपल्या खात्याचा टाकतात. एमएसएमटीपीमध्ये प्रत्येक पत्त्यासाठी वेगळं खातं लिहिलं, मटमध्ये एन्व्हलप-फ्रॉम (फ्रॉमचा पत्ता एमएसएमटीपीला कळवणारा पर्याय) चालू केलं, आणि आता फ्रॉम पाहून एमएसएमटीपी आपोआप योग्य सर्व्हर निवडतो. हे न करता नुसता फ्रॉम बदलणं म्हणजे दुसऱ्याच्या लेटरहेडवर पत्र लिहिणं.

सगळ्यांत जास्त फायदा झाला तो माझ्या स्वतःच्या हेडरचा. आमच्याकडे माल लॉटने जातो. काट्यावर वजन झालं, आर्द्रता मोजली, कट्टे शिवले की लॉटला नंबर पडतो. त्याच नंबरचं एक्स-लॉट असं हेडर मी सुरू केलं. एक्स लावून स्वतःची हेडर करायची ही जुनी रीत. २०१२ च्या आरएफसी ६६४८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) नवीन नियमांत ती नको असं म्हटलं आहे, पण आमच्या घरच्या वापराला अडचण नाही आणि कोणाच्या नावाशी टक्कर होत नाही. प्रत्येक लॉटचा नंबर वेगळा, म्हणून तो एडिटरमध्ये हाताने भरायचा. मी माय-एचडीआरमध्ये एक्स-लॉट आणि कोलन एवढंच लिहून पुढे रिकामं ठेवलं होतं, म्हणजे एडिटर उघडला की जागा तयार मिळेल. मट रिकामं हेडर लिहीतच नाही. मग तिथे लॉट-नाही असा शब्द ठेवला. आता तो शब्द खोडून नंबर टाकतो, आणि विसरलो तर निदान नंतर शोधताना विसरलेले मेल एकत्र सापडतात.

शोधायचं कसं तर एल दाबून टिल्डे-एच (~h) आणि पुढे हेडरचा मजकूर. सात नंबरच्या लॉटचे गेलेले सगळे मेल पडद्यावर. डिसेंबरमध्ये एका व्यापाऱ्याने सोयाबीनच्या बिलात कपात केली. म्हणणं असं की आर्द्रता बारा टक्क्यांच्या वर होती आणि ते आधी कळवलं नव्हतं. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये असताना बाजार खालीच होता, त्यात क्विंटलमागे आणखी कपात म्हणजे सभासदांच्या तोंडचा घास. आमच्या हिशेबाच्या मुलाने विचारलं, "काका, कोण्या तारखेले कळवलं होतं आपण?" मी लॉटचा नंबर टाकला. दोन सेकंदांत मेल समोर, काट्याच्या पावतीचा फोटो जोडलेला, आर्द्रता ११.२ लिहिलेली. तोच मेल पुढे पाठवला आणि कपात मागे घेतली गेली. हे मेल लॅपटॉपवर उतरवलेले होते म्हणून इतकं चटकन झालं. थेट सर्व्हरवर आयमॅपने असा शोध घ्यायचा तर मटला प्रत्येक मेलचे हेडर ओढावे लागतात, आणि आमच्या रेंजवर ते शक्य नाही.

मात्र एक मर्यादा लक्षात ठेवावी. आपलं हेडर समोरच्याच्या उत्तरात परत येत नाही. त्यांचा प्रोग्राम ते पाहतही नाही. परत येते ती फक्त आपल्या मेलची ओळख, मेसेज-आयडी, इन-रिप्लाय-टू आणि रेफरन्सेस या ओळींतून. त्यामुळे लॉटचा नंबर मी विषयातही लिहितो, आणि गेलेल्या मेलची प्रत त्याच पेटीत ठेवतो. म्हणजे उत्तर आलं की धाग्यात, म्हणजे मेल-उत्तरांच्या साखळीत, आपल्या मेलच्या खाली येऊन बसतं आणि हेडरचा शोध धाग्यापर्यंत नेतो. काही व्यापारी मात्र जुन्या मेललाच रिप्लाय दाबून नवीन विषय सुरू करतात. तेव्हा त्या मेलवर हॅश दाबून धागा तोडतो. आपण स्वतः तसं उत्तर लिहीत असलो तर एडिटरमध्ये इन-रिप्लाय-टूची ओळ काढून टाकली की पुरतं, नवीन धागा सुरू होतो.

देवनागरीचं विचाराल तर हेडरचं नाव रोमनच हवं, मेलच्या नियमांत त्याला पर्याय नाही. मजकूर मराठीत चालतो. मूळ मेलच्या हेडरमध्ये अशी अक्षरं चालत नसल्याने १९९६ च्या आरएफसी २०४७ प्रमाणे ती सांकेतिक रूपात जातात, आणि ते काम मट आपण होऊन करतं. असा एक सांकेतिक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, काना-मात्रा-अनुस्वारही वेगळे मोजले जातात, त्यामुळे एका तुकड्यात १५ चिन्हं मावतात. "शेतकरी उत्पादक कंपनी" एवढ्यातच १८ चिन्हं आणि दोन जागा होतात, म्हणजे दोन तुकडे. मी मेल पाठवून मूळ रूपात पाहिला तेव्हा ते दोन तुकडे तसेच होते, आणि समोरच्याच्या मोबाईलवर नाव सलग, अखंड दिसलं. आपल्या कंपनीचं नाव आपल्या लिपीत परदेशातल्या सर्व्हरमधून फिरून जसंच्या तसं उतरतं हे पाहून मला मनापासून बरं वाटलं.

टर्मिनलचं दुखणं वेगळं. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये मराठी वाचवत नाही, वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं सुटी होतात. एमएलटर्म घेतलं तेव्हा वाचण्याजोगं झालं. तरी यादीतले रकाने मराठी विषय आला की अधूनमधून सरकतात, आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही.

वाचताना दिसणाऱ्या हेडरचीही छाटणी केली. इग्नोर आणि तारा, मग अनइग्नोरमध्ये फ्रॉम, टू, सीसी, तारीख, विषय आणि एक्स-लॉट. एचडीआर-ऑर्डरने त्यांचा क्रम. सगळे पाहायचे असतील तर एच दाबायचं. शंका आली की आधी एच दाबायचं, हे मी त्या मुलालाही शिकवलं. मध्यंतरी पैशांच्या मागणीचा एक मेल आला, नाव आमच्या ओळखीच्या खत दुकानदाराचं. त्या मुलाने एच दाबलं, रिप्लाय-टूमध्ये, म्हणजे उत्तर जिथे जायचं तिथे, भलताच पत्ता होता. दुकानदाराला फोन केला, त्यांनी काही पाठवलंच नव्हतं.

मटच्या आधी पंधरा दिवस अल्पाइन हा असाच दुसरा मेल प्रोग्रामही वापरून पाहिला. तिथे सेटिंगच्या पडद्यावर कस्टमाइझ्ड हेडर्सचा रकाना आहे, लिहिताना कंट्रोल-आर दाबलं की लपलेले हेडर उघडतात, आणि भूमिकांसाठी रोल्सची सोय आहे. फाईलला हात लावायची भीती वाटणाऱ्याने तेच घ्यावं. मला सगळी मांडणी एका फाईलमध्ये, ओळीने वाचता येईल अशी हवी होती, म्हणून मटकडे आलो.

मटबद्दल तक्रार एकच, पण ती खरी आहे. बीसीसीची ती गोष्ट मॅन्युअलमध्ये असून भागत नाही, मटने तिथल्या तिथे सांगायला हवं. सेंड-हुकमध्ये प्राप्तकर्त्याची ओळ दिसली की फाईल वाचतानाच एक इशारा द्यावा. एवढ्याने एखाद्याच्या घरची गोष्ट बाहेर जाण्यापासून वाचेल. अर्धवट ठेवलेल्या मसुद्याचंही तसंच, तो पुन्हा उघडला की सेंड-हुक चालत नाहीत. म्हणून मसुदा उघडला की मी वरपासून हेडर वाचतो.

आज माझ्या मटआरसीत हेडरच्या नऊ ओळी आहेत. सुरुवातीला बावीस होत्या. पोच मागणारी डिस्पोझिशन-नोटिफिकेशन-टूची ओळ काढली, कारण पोच जवळपास कोणी देत नाही आणि काहींना ती पाळत वाटते. ऑर्गनायझेशन ठेवली. त्या नऊ ओळी मी एका कागदावर हाताने लिहून, प्रत्येकीपुढे ती कशासाठी आहे ते मराठीत लिहून, लॅपटॉपच्या वरच्या भिंतीवर चिकटवल्या आहेत. परवा मी तालुक्याला गेलो होतो तेव्हा तुरीच्या लॉटचा मेल त्या मुलाने एकट्याने पाठवला. घरी येऊन पाहिलं, एक्स-लॉटमध्ये नंबर बरोबर होता आणि बीसीसीत अध्यक्ष होते.